एबी फॉर्म नसलेल्या देशात उपऱ्याला तिकीट कसे मिळते?

१९ एप्रिल २०१६ रोजी न्यूयॉर्क राज्यात रिपब्लिकन पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी या आपल्या घरच्या राज्यात जवळपास ६० टक्के मते घेतली. त्यांत इव्हांका आणि एरिक या त्यांच्या दोन मुलांची मते मात्र नव्हती. मुले रुसली होती म्हणून नव्हे. न्यूयॉर्कमध्ये एखाद्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत द्यायचे असेल तर मतदार यादीत आपल्या नावापुढे त्या पक्षाची नोंद आधीपासून असावी लागते. ती नोंद बदलून घेण्याची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ रोजी, म्हणजे सहा महिने आधीच संपली होती आणि ती दोघांनीही चुकवली होती. वडील ज्या पक्षाच्या नावावर राष्ट्राध्यक्षपद लढवायला निघाले होते, त्या पक्षाच्या मतदारांत मुलांची गणना नव्हती. खुद्द वडिलांची नोंदसुद्धा २००९ पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती, हेही जाता जाता सांगायला हवे.

२०२८ च्या अमेरिकी निवडणुकीसाठी नावांची चर्चा सुरू झाली आहे आणि त्या नावांत राज्यांचे गव्हर्नर व सिनेटर यांच्याबरोबर अधूनमधून एखादा उद्योगपती किंवा टीव्हीवरचा एखादा चेहराही डोकावतो. आपल्याकडच्या वाचकाला तेव्हा पडणारा प्रश्न रास्त असतो. ज्याने पक्षासाठी कधी सतरंजी उचलली नाही, त्याला पक्ष थेट राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी देतोच कसा? या प्रश्नातला ‘देतो’ हा शब्द जरा बाजूला काढून ठेवला, तर उत्तराची निम्मी वाट सरते.

तिकीट कोणाच्या खिशात असते?

महाराष्ट्रात उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या ठोक्यापर्यंत जे नाट्य चालते, ते एबी फॉर्मभोवती फिरत असते. पक्षाच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला आहे हे ए फॉर्म सांगतो आणि अधिकृत उमेदवार कोण हे बी फॉर्म सांगतो. हे दोन कागद ज्याच्या हाती पडले त्याला पक्षाचे चिन्ह मिळते. ज्याला मिळाले नाहीत तो कितीही जुना कार्यकर्ता असो, त्याला घरी बसावे लागते किंवा बंडखोरी करावी लागते. सहीचा अधिकार श्रेष्ठींकडे असल्यामुळे आपल्याकडे आयात उमेदवारही येतो तो श्रेष्ठींच्याच मर्जीने, आणि त्याच्या प्रचारात निष्ठावंतांना नाइलाजाने फिरावे लागते.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी असा कागद कोणाच्याही खिशात नसतो. तिथे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी आधी प्रत्येक राज्यात मतदान होते. त्याला प्राथमिक निवडणूक किंवा प्रायमरी म्हणतात. बहुतेक राज्यांत या मतदानाची व्यवस्था, मतपत्रिका छापण्यापासून मोजणीपर्यंत, सरकारी यंत्रणाच पाहते. काही थोड्या राज्यांत त्याऐवजी पक्ष स्वतः सभा भरवून कौल घेतो, त्या सभांना कॉकस म्हणतात. या मतदानातून उमेदवाराच्या पदरात प्रतिनिधी पडतात. उन्हाळ्यात भरणाऱ्या राष्ट्रीय अधिवेशनात हे प्रतिनिधी मत देतात आणि ज्याच्या बाजूला निम्म्याहून अधिक प्रतिनिधी तो पक्षाचा उमेदवार होतो. प्रायमरी, कॉकस, प्रतिनिधी आणि अधिवेशन एवढे चार शब्द लक्षात ठेवले तर पुढचे सगळे त्यांतच बसते.

दार किती उघडे आहे, ते न्यू हॅम्पशायरमध्ये पाहावे. हे छोटे राज्य प्रायमरीच्या हंगामात अगदी सुरुवातीला मतदान करते. तिथल्या मतपत्रिकेवर नाव छापून आणायचे असेल तर कॉन्कॉर्ड या राजधानीच्या गावी जाऊन एक अर्ज आणि १,००० डॉलर भरायचे असतात. २०१६ साली या सोयीचा लाभ घेऊन रिपब्लिकन मतपत्रिकेवर ३० आणि डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर २८ नावे आली होती. डेमोक्रॅटिक यादीत एक गृहस्थ असे होते की जे डोक्यावर मोठा बूट घालून हिंडतात आणि निवडून आल्यास प्रत्येक नागरिकाला एक तट्टू देण्याचे वचन देतात. पक्षाने त्यांना बोलावले नव्हते आणि पक्ष त्यांना अडवूही शकत नव्हता. अर्थात सगळीच राज्ये इतकी सैल नाहीत, काही ठिकाणी हजारो सह्या गोळा कराव्या लागतात. पण त्या सह्या मतदारांच्या असतात, पक्षश्रेष्ठींच्या नव्हे.

पूर्वी असे नव्हते

हे चित्र पन्नास-पंचावन्न वर्षांपलीकडचे नाही. प्रायमरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती, पण तिचा निकाल श्रेष्ठींवर बंधनकारक नव्हता. १९१२ साली माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या, अगदी प्रतिस्पर्धी आणि विद्यमान राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांचे घरचे ओहायो राज्यसुद्धा, तरीही पक्षयंत्रणा टॅफ्ट यांच्या हातात असल्यामुळे उमेदवारी टॅफ्ट यांनाच मिळाली. १९५२ साली एस्टेस केफॉवर या सिनेटरने डेमोक्रॅटिक पक्षाच्या १५ पैकी १२ प्रायमऱ्या जिंकल्या. शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती ॲडले स्टीव्हन्सन यांना, ज्यांनी प्रायमरी लढवलीच नव्हती.

त्या काळातही बाहेरचा माणूस आत येत असे, पण त्याला आत घेणारे आतलेच असत. १९४० साली रिपब्लिकन पक्षाने वेंडेल विल्की यांना उमेदवारी दिली. ते वीज कंपनीचे प्रमुख होते, कोणत्याही पदावर कधी निवडून आले नव्हते आणि अगदी अलीकडेपर्यंत डेमोक्रॅट होते. फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात सज्जातले लोक त्यांच्या नावाचा घोष करत राहिले आणि सहाव्या फेरीत प्रतिनिधी त्यांच्याकडे वळले. १९५२ साली जनरल आयझेनहॉवर यांना तर दोन्ही पक्ष आपल्याकडे ओढू पाहत होते. विल्की हरले आणि आयझेनहॉवर जिंकले, परंतु दोघांनाही पक्षातल्या वजनदार गटाने पुढे केले होते.

हे मोडले ते १९६८ साली. व्हिएतनाम युद्धावरून डेमोक्रॅटिक पक्षात फूट पडली होती. युद्धविरोधी यूजीन मॅकार्थी यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये विद्यमान राष्ट्राध्यक्षांविरुद्ध ४२ टक्के मते घेतली, उमेदवारीच्या शर्यतीत असलेल्या रॉबर्ट केनेडी यांची जूनमध्ये हत्या झाली आणि ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनाने उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. बाहेर रस्त्यावर पोलीस तरुणांना बडवत होते आणि ते दृश्य देशभर टीव्हीवर दिसत होते. या नामुष्कीनंतर पक्षाने मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला. प्रतिनिधी मतदारांच्या कौलानेच ठरले पाहिजेत असा दंडक त्याने घातला आणि तो पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून राज्यांनी प्रायमऱ्या सुरू केल्या. राज्यांचे कायदे बदलल्यामुळे रिपब्लिकन पक्षही त्यात आपोआप ओढला गेला. नव्या नियमांनी आलेले पहिले उमेदवार स्वतः मॅकगव्हर्न होते. १९७२ साली ते ५० पैकी ४९ राज्यांत हरले. दुसरे होते जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर, ज्यांना देशात फारसे कोणी ओळखत नव्हते. १९७६ च्या आयोवा कॉकसमध्ये सर्वाधिक कौल ‘अजून ठरवले नाही’ या पर्यायाला मिळाला होता आणि कार्टर सुमारे २८ टक्क्यांवर त्याच्या मागे होते. माणसांमध्ये ते पहिले आले एवढ्यावर वर्तमानपत्रांनी त्यांना विजयी ठरवले आणि पुढच्या जानेवारीत ते व्हाइट हाउसमध्ये होते.

३५ टक्क्यांत बहुमत कसे होते?

आता गणिताकडे येऊ. लेखाचा गाभा हाच आहे.

समजा, एका गणेश मंडळात १०० सभासद आहेत आणि वार्षिक सहल कुठे न्यायची यावर मतदान आहे. ३५ जणांना समुद्र हवा आहे आणि ते एकमुखाने गोवा म्हणतात. उरलेल्या ६५ जणांना समुद्र अजिबात नको, थंड हवेचे ठिकाण हवे आहे. पण त्यांतले २३ महाबळेश्वर म्हणतात, २२ पन्हाळा, १२ माथेरान आणि ८ आंबोली. बस गोव्याला जाते. दर तिघांतल्या जवळपास दोघांना नको असलेली जागा निवडली गेली, आणि तरी कोणी लबाडी केलेली नाही.

२० फेब्रुवारी २०१६ रोजी साउथ कॅरोलिनात नेमके हे घडले. ट्रम्प यांना ३२.५ टक्के मते मिळाली. त्यांचे प्रतिस्पर्धी सिनेटर रुबिओ आणि क्रूझ प्रत्येकी २२ टक्क्यांच्या थोडे पुढे होते, तर बुश, केसिक आणि कार्सन सात-आठ टक्क्यांवर. या राज्याचा नियम असा होता की २९ प्रतिनिधी राज्यभरात पहिल्या आलेल्याला आणि सात मतदारसंघांपैकी प्रत्येकात पहिल्या आलेल्याला तीन-तीन. ट्रम्प राज्यात पहिले आणि सातही मतदारसंघांत पहिले. एक तृतीयांशापेक्षाही कमी मतांवर ५० पैकी ५० प्रतिनिधी त्यांच्या खात्यावर जमा झाले.

सगळ्या राज्यांत इतका टोकाचा नियम नव्हता, पण १५ मार्चपासून रिपब्लिकन पक्षाच्या नियमांनी राज्यांना ‘पहिला तो सगळे नेतो’ अशी मुभा दिली होती. फ्लोरिडाने तसेच केले. तिथे ट्रम्प यांना ४६ टक्क्यांच्या आसपास मते आणि सर्वच्या सर्व ९९ प्रतिनिधी मिळाले, आणि त्याच रात्री रुबिओ यांनी आपल्या घरच्या राज्यात हरून माघार घेतली. उमेदवारीसाठी २,४७२ पैकी १,२३७ प्रतिनिधी हवे होते. ट्रम्प यांनी ते सहज ओलांडले आणि तरीही संपूर्ण हंगामात त्यांची एकूण मते ४५ टक्केच होती. त्यांतलाही बराच भाग मैदान मोकळे झाल्यानंतरचा. न्यूयॉर्कपूर्वी त्यांना एकाही राज्यात निम्मी मते मिळालेली नव्हती.

डेमोक्रॅटिक पक्षाचे गणित वेगळे आहे. तिथे मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी वाटले जातात, त्यामुळे एकतृतीयांश मतांवर राज्य लुटून नेता येत नाही. फक्त एक खोच आहे. १५ टक्क्यांखालच्या उमेदवाराला काहीच मिळत नाही आणि वाटणी उरलेल्यांत होते. एखाद्या राज्यात मते ३६, २०, १४, १२, १० आणि ८ टक्के अशी पडली, तर राज्यभरच्या वाटपात पहिले दोघेच उरतात आणि ३६ टक्केवाल्याला ६४ टक्के प्रतिनिधी मिळतात. म्हणजे विरोधकांची गर्दी इथेही उपऱ्याच्या कामी येते, मात्र ती गर्दी बरेच दिवस टिकावी लागते. ती टिकली नाही की काय होते, ते २०२० च्या डेमोक्रॅटिक शर्यतीतले बर्नी सँडर्स यांना विचारावे.

मग श्रेष्ठी एकत्र का येत नाहीत?

ट्रम्प यांचे भाषण, त्यांचा स्वभाव, त्यांच्या सभा, टीव्हीने दाखवलेला त्यांचा चोवीस तासांचा चेहरा यांवर ढीगभर लिहिले गेले आहे आणि त्यातले काही खोटे नाही. परंतु माझ्या मते उपऱ्याचे भवितव्य त्याच्या लोकप्रियतेपेक्षा आतल्यांच्या सामंजस्यावर अधिक ठरते. बंडोबांचे थंडोबा वेळेत झाले की नाही, हा खरा प्रश्न. तो समजण्यासाठी २०१६ चे रिपब्लिकन आणि २०२० चे डेमोक्रॅट शेजारी ठेवून पाहावेत.

२०१६ साली रिपब्लिकन पक्षात दखल घेण्याजोगे १७ उमेदवार होते. प्रत्येकाचा हिशेब एकच होता. ट्रम्प कधी ना कधी कोसळणार, तोपर्यंत आपण टिकून राहायचे आणि शेवटच्या लढतीत त्यांच्यासमोर आपणच उरायचे. त्यामुळे प्रत्येक जण शेजारच्या आतल्या उमेदवारालाच आधी पाडायला निघाला. जेब बुश यांच्या पाठीशी १० कोटी डॉलरहून अधिक पैसा उभा करणारी एक सुपर पॅक होती. सुपर पॅक म्हणजे उमेदवारापासून कागदोपत्री स्वतंत्र असलेली आणि म्हणून अमर्याद देणग्या घेऊ शकणारी समिती. या समितीच्या जाहिरातींचा मोठा भाग खर्च झाला तो ट्रम्प यांच्यावर नव्हे, तर रुबिओ यांच्यावर टीका करण्यात. बुश यांना अखेर चार प्रतिनिधी मिळाले. पक्षातले नेतेही कोणाला पाठिंबा जाहीर न करता कुंपणावर बसून राहिले. क्रूझ आणि केसिक यांनी राज्ये वाटून घेण्याचा तह केला, तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आणि तोही जाहीर होताच उसवू लागला. ३ मे रोजी इंडियानात हरल्यावर क्रूझ थांबले, दुसऱ्या दिवशी केसिक.

२०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाची सुरुवात तशीच झाली. सँडर्स हे व्हरमाँटचे अपक्ष सिनेटर. आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये सर्वाधिक मते त्यांना मिळाली, नेवाडात तर ते मोठ्या फरकाने जिंकले आणि त्यांच्या विरोधातली मते चार-पाच जणांत विभागली होती. २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनातले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी जो बायडन यांना पाठिंबा दिला. शनिवारी, २९ तारखेला बायडन यांनी ते राज्य ४८ टक्क्यांहून अधिक मतांनी जिंकले. रविवारी शर्यतीतले दुसरे उमेदवार बुटिजिज यांनी माघार घेतली. सोमवारी क्लोबुशार यांनी घेतली आणि त्याच रात्री डॅलसमध्ये दोघांनीही बायडन यांना पाठिंबा दिला. मंगळवारी १४ राज्यांत एकदम मतदान होते आणि बायडन यांनी त्यांतली १० जिंकली. शनिवार ते मंगळवार, एवढ्या चार दिवसांत सहलीची बस गोव्याऐवजी महाबळेश्वरला वळली होती. मिनेसोटा हे क्लोबुशार यांचे घरचे राज्य, तिथे बायडन यांनी प्रचारही फारसा केला नव्हता आणि तेही त्यांना मिळाले.

डेमोक्रॅटिक नेते रिपब्लिकनांपेक्षा शहाणे होते असे यावरून म्हणता येणार नाही. त्यांच्यासमोर २०१६ चे उदाहरण होते आणि माघार कोणासाठी घ्यायची याचे उत्तर साउथ कॅरोलिनाच्या मतदारांनी दिले होते. रिपब्लिकनांना ‘आपल्यातला एक कोण’ हेच शेवटपर्यंत कळले नाही.

पैसा असला की झाले, असे नाही का?

हा आक्षेप नेहमीचा आहे आणि त्याला सर्वांत चोख उत्तर मायकेल ब्लूमबर्ग यांनी आपल्या खर्चाने दिले आहे. न्यूयॉर्कचे माजी महापौर, एकेकाळचे रिपब्लिकन आणि अतिश्रीमंत ब्लूमबर्ग २०२० मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. सुमारे १०० कोटी डॉलर खर्चून त्यांनी त्या मंगळवारी जिंकली ती अमेरिकन सामोआ ही प्रशांत महासागरातली बेटे. दुसऱ्या दिवशी तेही घरी गेले.

मराठी वाचकांना याचे अधिक जवळचे उदाहरण ठाऊक असेल. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. राजकारणाचा अनुभव शून्य होता आणि स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर त्यांनी घातले. लढत तिघांची होती. ग्रेचेन व्हिटमर यांच्यामागे पक्ष एकवटला होता. त्यांना निम्म्याहून अधिक मते मिळाली आणि ठाणेदार १८ टक्क्यांच्या आसपास तिसरे राहिले. चार वर्षांनी, मधल्या काळात राज्याच्या सभागृहात निवडून आल्यावर, ते डेट्रॉइटमधून अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले. पैसा त्यांनी याही वेळी स्वतःचाच लावला, पण यावेळी प्रायमरीत नऊ उमेदवार होते. सुमारे २८ टक्के मतांवर त्यांनी उमेदवारी जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये ते खासदार झाले. त्यांचे कष्ट आणि चिकाटी कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु तिघांच्या लढतीत जिंकायला निम्म्याच्या आसपास मते लागतात आणि नऊ जणांच्या लढतीत २८ टक्केही पुरतात, हे त्यांच्या दोन निवडणुका इतक्या स्वच्छ दाखवतात की वेगळे उदाहरण शोधण्याची गरज पडत नाही.

अधिवेशनात त्याला अडवता येत नाही का?

कागदावर येते. अधिवेशन हीच पक्षाची सर्वोच्च सभा आहे आणि ती आपले नियम बदलू शकते. शिवाय अनेक राज्यांत ‘प्रतिनिधी कोणाला मत देणार’ हे प्रायमरीत ठरते, पण ‘प्रतिनिधी कोण’ हे पक्षाच्या स्थानिक सभांमध्ये ठरते. पहिल्या फेरीत बहुतेकांना प्रायमरीच्या निकालाप्रमाणेच मत द्यावे लागते, पुढच्या फेऱ्यांत ते हळूहळू मोकळे होत जातात. २०१६ मध्ये क्रूझ यांच्या माणसांनी ही फट बरोबर हेरली होती. ट्रम्प यांना बांधील असलेल्या जागांवरही मनाने आपले असलेले लोक निवडून आणण्याचा त्यांचा उद्योग राज्याराज्यांत चालू होता. कोलोरॅडोत प्रायमरीच झाली नाही, पक्षाच्या सभांतूनच निवड झाली आणि ३४ प्रतिनिधी क्रूझ यांच्याकडे गेले. दुसरी फेरी झाली असती तर मजा आली असती. ट्रम्प यांना १,२३७ चा आकडा पहिल्याच फेरीत मिळाल्यामुळे ती झाली नाही.

शेवटचा प्रयत्न १८ जुलै २०१६ रोजी क्लीव्हलँडच्या अधिवेशनात झाला. प्रतिनिधींना मोकळे करू पाहणाऱ्या गटाने नियमांवर राज्यवार मतमोजणीची मागणी केली. त्यासाठी सात राज्यांतल्या बहुसंख्य प्रतिनिधींच्या सह्या लागत होत्या. त्या आल्याही, पण मधल्या वेळेत पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी काहींना माघार घ्यायला लावली आणि आवाजी मतदानावर विषय संपवला. म्हणजे ज्या पक्षयंत्रणेने उपऱ्याला अडवायचे, तीच तोवर त्याचा बचाव करू लागली होती. यात नवल नाही. सर्वाधिक मते घेऊन आलेल्या माणसाला सभागृहात पाडले तर त्याला मत देणारे १ कोटी ४० लाख लोक नोव्हेंबरमध्ये घरी बसतील, हे कोणत्याही पदाधिकाऱ्याला कळते. १९६८ चे शिकागो पुन्हा कोणालाच नको असते.

डेमोक्रॅटिक पक्षाने १९८० च्या दशकात यावर एक तोडगा काढला होता. खासदार, गव्हर्नर आणि पक्षाचे पदाधिकारी यांना प्रायमरीच्या निकालाशी न बांधलेली मते दिली. त्यांना सुपरडेलिगेट म्हणतात. २०१६ मध्ये एकूण प्रतिनिधींत त्यांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते आणि ते बहुतांशी हिलरी क्लिंटन यांच्याकडे होते. सँडर्स यांचे समर्थक त्यावरून अजूनही संतापतात. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे, पण हिशेब त्यांच्या बाजूने नाही. क्लिंटन यांना प्रत्यक्ष मतदारांचीच सुमारे १ कोटी ६९ लाख मते होती, सँडर्स यांना सुमारे १ कोटी ३२ लाख. तरीही बोभाटा इतका झाला की २०१८ मध्ये पक्षाने सुपरडेलिगेटना पहिल्या फेरीत मत देण्यापासून दूर ठेवले, निकाल आधीच ठरलेला असेल तर गोष्ट वेगळी. त्याच वर्षी दुसरा नियमही आला. उमेदवाराने आपण डेमोक्रॅट आहोत असे लेखी द्यायचे. सँडर्स यांनी २०१९ मध्ये तशी सही केली आणि सिनेटमध्ये अपक्ष म्हणून बसत राहिले.

स्वतःचा पक्ष का काढत नाहीत?

कारण तो मार्ग जवळजवळ बंद आहे. १९९२ साली अब्जाधीश रॉस पेरो अपक्ष म्हणून लढले आणि त्यांना देशभरात १९ टक्के मते मिळाली. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात, जिथे बहुतेक राज्ये आपली सर्व मते पहिल्या आलेल्याला देतात, त्यांना एकही मत मिळाले नाही, कारण एकाही राज्यात ते पहिले आले नव्हते. ट्रम्प यांनीही २००० च्या निवडणुकीसाठी पेरो यांच्याच रिफॉर्म पक्षातून चाचपणी केली होती आणि काही महिन्यांत नाद सोडला होता. नवे घर बांधण्यापेक्षा भरल्या घरात शिरणे स्वस्त पडते, हे त्यांना सोळा वर्षांनी चांगलेच उमगले. १९ टक्के मते नोव्हेंबरमध्ये कुचकामी असतात. फेब्रुवारीत, गर्दीच्या प्रायमरीत, तीच मते माणसाला शर्यतीत ठेवतात.

मत कोणाचे मोजले जाते?

इथे न्यूयॉर्कच्या त्या चुकलेल्या मुदतीकडे परत यावे लागते. काही राज्यांत प्रायमरी खुली असते, कोणत्याही मतदाराला कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते. काही ठिकाणी ती बंद असते, फक्त त्या पक्षाकडे नोंदलेल्यांनाच प्रवेश. ज्याचे समर्थक पक्षाबाहेरचे आहेत अशा उपऱ्याला बंद दार महाग पडते. ट्रम्प यांना मुलांच्या दोन मतांनी फरक पडला नाही. त्याच दिवशी सँडर्स मात्र त्याच राज्यात, स्वतःचा जन्म जिथे झाला त्या ब्रुकलिनच्या राज्यात, ४२ विरुद्ध ५८ असे हरले. कोणत्याच मोठ्या पक्षाकडे नाव नसलेले न्यूयॉर्कचे तीस लाखांहून अधिक मतदार त्या दिवशी फक्त बघत होते. ते आले असते तर सँडर्स जिंकले असते असे ठामपणे म्हणता येत नाही, पण फरक बहुधा कमी झाला असता.

आणि एकंदरीतच प्रायमरीला येणारे मतदार थोडे असतात. ट्रम्प यांना उमेदवार बनवणारी १ कोटी ४० लाख मते आणि त्या नोव्हेंबरमध्ये पडलेली साडेतेरा कोटींहून अधिक मते यांची तुलना केली, तर देशासमोरचे दोन पर्याय किती कमी लोक ठरवतात ते दिसते. या थोड्यांमध्ये रागावलेले लोक हमखास येतात आणि समाधानी लोक हमखास घरी राहतात.

पुढच्या वेळी काय पाहावे?

२२व्या घटनादुरुस्तीप्रमाणे कोणालाही राष्ट्राध्यक्षपदावर दोनदाच निवडून येता येते, त्यामुळे २०२८ मध्ये रिपब्लिकन पक्षात विद्यमान राष्ट्राध्यक्ष रिंगणात नसतील आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडे तर तो प्रश्नच नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण १९७२ नंतर लढत राहिलेल्या विद्यमान राष्ट्राध्यक्षाकडून उमेदवारी हिसकावणे कोणालाही जमलेले नाही. १९७६ मध्ये रेगन यांनी फोर्ड यांना १,१८७ विरुद्ध १,०७० इतके घाईला आणले होते, तरी नाही. दोन्ही घरे एकाच वेळी मालकाविना असली की गर्दी होते, आणि गर्दी कोणाच्या पथ्यावर पडते ते वर आलेच आहे.

म्हणून हंगाम सुरू झाल्यावर ‘अमुक उपरा २५ टक्क्यांवर’ अशी जनमत चाचणी वाचनात आली, तर त्या २५ टक्क्यांपेक्षा उरलेले ७५ किती जणांत वाटले गेले आहेत ते आधी पाहावे. मग मतदान ज्या राज्यात आहे तिथे प्रतिनिधी प्रमाणात वाटतात की पहिला सगळे नेतो, हे शोधावे. आणि पहिली तीन-चार राज्ये झाल्यावर, अनेक राज्ये एकाच दिवशी मत देतात त्या मोठ्या मंगळवारच्या आदल्या संध्याकाळी, आतल्यांपैकी कितीजण अजून उभे आहेत ते मोजावे. २०१६ मध्ये त्या संध्याकाळी ट्रम्प यांच्यासमोर रुबिओ, क्रूझ, केसिक आणि कार्सन असे चौघे उभे होते.